शेर, ठेका आणि बेसचा कॉम्प्रेसर : छोट्या ॲम्पवर मैदानात वाजवणाऱ्यांसाठी

आमच्या पट्ट्यात, म्हणजे नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही इकडच्या भागात, बेस गिटार वाजवणारे बोटावर मोजण्याइतकेच. ऑर्केस्ट्रा असो का भीमगीतांचा प्रोग्रॅम, कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस मारून घेतो, ढोलकीचा धूम आहेच, वरून इलेक्ट्रॉनिक पॅडवर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, वाजते, मग वेगळा बेसवाला कशाला पाहिजे असं मंडळातले लोक सरळ तोंडावर विचारतात. म्हणून जे पोट्टे तरीही मन लावून बेस शिकून राहिले त्यांचा मेसेज आला की मला खूप बरं वाटतं. अन् हल्ली त्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो, भाऊ कॉम्प्रेसर घेऊ काय, घेतला तर कोणता नॉब किती फिरवू. कॉम्प्रेसर म्हणजे जोराचा आवाज आपोआप दाबून धरणारं यंत्र. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच टाकतो, लांब होईल पण होऊ द्या.

आधी माझं मत सांगतो. ज्याच्याकडे छोटा ॲम्प, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा डबा, आहे, जो उघड्या मैदानात वाजवतो अन् ज्याच्या स्टेजची लाईट जनरेटरवर आहे त्यानं कॉम्प्रेसर घ्यावाच. पण यूट्यूबवर दाखवतात ती सेटिंग उचलून तशीच्या तशी लावू नये, कारण ते लोक ज्या गाण्यांसाठी ती लावतात त्या गाण्यांत पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत ड्रम एकसारखा चालू असतो. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे शेर आहे.

ज्यांनी जयंतीचा किंवा कव्वाली मुकाबल्याचा प्रोग्रॅम जवळून पाहिला त्यांना माहीत आहे मी काय म्हणतो ते. गायक शेर म्हणायला लागला की ठेका बंद होतो, कीबोर्डवाला सूर धरून ठेवतो, बेसवाल्यानं खालचा सा एकदा छेडायचा अन् तो जितका टिकेल तितका टिकवायचा, संपत आला की हळूच परत छेडायचा. गायक एक ओळ दोनदा घेतो, तीनदा घेतो, समोरचे लोक वाहवा करतात, कोणी उठून नोट देऊन येतो, तोवर सगळे वाजवणारे दम धरून बसलेले. मग शेवटची ओळ येते, ढोलकीवाला उठाण मारतो अन् समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळे एकदम पडतात. त्या समेवर बेस पब्लिकच्या पोटात लागला पाहिजे. माझ्या मते आपल्या प्रोग्रॅममध्ये बेसवाल्याची खरी जागा हीच आहे, बाकीच्या वेळात कीबोर्डचा डावा हात काम भागवून नेतो पण ही उडी त्याला जमत नाही. आमच्यासोबत वाजवणारे ढोलकीवाले काका एकदा म्हणाले होते, "बाबू, शेरात तू हाय का नाय ते मले मालूम नाय पडलं तरी चालते, पण उठाणीच्या बाद तू माह्यासंगच पडला पायजे." तर कॉम्प्रेसर लावताना हे वाक्य डोक्यात ठेवून लावायचा.

आता कॉम्प्रेसर पाहिजेच कशाला. बेस किती पॉवर खातो हे आधी समजून घ्या, सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. डेसिबल म्हणजे आवाजाचं माप, त्याचा हिशोब असा की आवाज 3 डेसिबल वर न्यायचा तर ॲम्पकडून दुप्पट पॉवर लागते, 10 डेसिबल न्यायचा तर दहापट. बोटानं तार जोरात ओढली की पहिला जो ठोका निघतो तो मागून टिकणाऱ्या सुरापेक्षा सहज 10 डेसिबल वर असू शकतो, स्लॅप, म्हणजे अंगठ्यानं तारेवर ठोका, मारला तर त्याहूनही वर. म्हणजे समजा 100 वॉटचा ॲम्प आहे अन् तुमचा ठोका बरोबर 100 वॉटला जाऊन टेकतो, तर त्याच्या मागचा सूर, ज्यानं गाणं खालून भरतं, तो फक्त 10 वॉटवर वाजून राहिला. बाकीची सगळी पॉवर त्या एका क्षणाच्या ठोक्यासाठी राखीव. आता तोच ठोका 6 डेसिबल खाली दाबला अन् मग सगळा आवाजच 6 डेसिबल वर उचलला तर ठोका परत 100 वरच राहतो पण मागचा सूर 10 चा 40 वॉट होतो. ॲम्प तोच, स्पीकर तोच, पण मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला बेस ऐकू यायला लागतो. मोठा ॲम्प घ्यायची ऐपत नसलेल्या माणसासाठी ही लय मोठी गोष्ट आहे.

त्यात मैदान. खोलीत वाजवता तेव्हा भिंती अन् कोपरे खालच्या आवाजाला मदत करतात, मैदानात चारी बाजू मोकळ्या, आवाज निघाला की गेला धानाच्या बांधीत. म्हणून घरी दणदणीत वाटलेला ॲम्प मैदानात पातळ वाटतो अन् पोट्टे लगेच बेसचा नॉब पूर्ण फिरवतात. तसं नका करू. खालचे सूर 6 डेसिबलनं वाढवले तर तेवढ्या भागात ॲम्पला चौपट पॉवर लागते, ती त्याच्याकडे नसते, मग तो फाटतो. त्यापेक्षा ॲम्प खुर्चीवरून उतरवून जमिनीवर ठेवा, मागे भिंत असेल, शाळेची किंवा समाजमंदिराची, तर तिच्या जवळ सरकवा, फुकटात बेस वाढतो. फक्त फळ्यांच्या स्टेजवर ठेवू नका, खालून पोकळ असते ती सगळी घुमते अन् गायकाचा माईक ती घुमघुम उचलतो. स्टेजच्या बाजूला खाली मातीवर ठेवलेला बरा.

अन् लाईट. जनरेटर असो का गावातली लाईन, रात्री हॅलोजन, फोकस, साऊंडवाल्याचे मोठे बॉक्स सगळं एकावर चालू झालं की व्होल्टेज बसतं. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पमध्ये व्होल्टेज पडलं की आतलं सप्लायही त्याच प्रमाणात पडतं अन् पॉवर तर वर्गाच्या हिशोबानं पडते. 230 चे 180 व्होल्ट झाले की पॉवर जवळपास 60 टक्क्यांवर येते. म्हणजे कागदावरचा 100 वॉटचा ॲम्प त्या रात्री 60 वॉटचा झाला, अन् संध्याकाळी साऊंड चेकला जो ठोका स्वच्छ निघत होता तोच रात्री अकरा वाजता फाटायला लागतो. बेसवाला बोटाला दोष देतो, कोणी तारांना देतो. ठोका आधीच जरा दाबलेला असेल तर हा फटका तेवढा बसत नाही. डिजिटल सप्लायवाले नवे हलके ॲम्प या बाबतीत बरे, बरेचसे पडलेल्या व्होल्टेजवरही सांभाळून घेतात.

आता नॉब. पेडलवर, म्हणजे पायाशी ठेवायच्या कॉम्प्रेसरच्या छोट्या डब्यावर, नावं वेगळी असतील पण काम चारच गोष्टींचं आहे. थ्रेशोल्ड म्हणजे कोणत्या आवाजाच्या वर गेलं की दाबायला सुरू करायचं. रेशो म्हणजे किती दाबायचं, 4 ला 1 असेल तर थ्रेशोल्डच्या वर 12 डेसिबल गेलेला आवाज फक्त 3 डेसिबल वर जाऊन बाहेर पडतो, मधले 9 खाल्ले. अटॅक म्हणजे आवाज वर गेल्यावर दाब पूर्ण यायला किती वेळ, अन् रिलीज म्हणजे आवाज खाली आल्यावर दाब सुटायला किती वेळ. त्यानंतर लेव्हलचा नॉब, दाबल्यानं जे कमी झालं ते भरून काढायला. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटल्यावर हाकणारा कासरा कधी खेचतो अन् कधी ढील देतो त्यावर सगळं असतं, तसं इथं अटॅक अन् रिलीजवर आहे, पण पोट्टे सगळा वेळ रेशोच फिरवत बसतात.

अटॅकबद्दल जरा थांबून सांगतो कारण बेसमध्ये याचं गणित गिटारपेक्षा वेगळं आहे. आपली सगळ्यात जाड तार, मोकळी ई, 41 हर्ट्झला, सेकंदाला 41 लाटांनी, वाजते. म्हणजे तिची एक लाट पूर्ण व्हायला जवळपास 24 मिलिसेकंद लागतात. आता कॉम्प्रेसरचा अटॅक 1 मिलिसेकंद ठेवला अन् रिलीजही एकदम छोटा ठेवला तर तो बिचारा त्या एका लाटेतच दाबतो, सोडतो, परत दाबतो. लाटेचा आकारच बदलतो अन् खालच्या सुरात खरखर येते. लोकांना वाटतं पिकअप, म्हणजे तारांखालचं आवाज पकडणारं चुंबक, गेलं, केबल गेली. काही नाही, अटॅक अन् रिलीज थोडे लांब करा, खरखर गेलीच समजा. साध्या गिटारच्या वरच्या तारांवर हा त्रास जाणवत नाही कारण तिथं लाटा छोट्या छोट्या, म्हणून गिटारवाल्या मित्राची सेटिंग बेसवर चालेलच असं नाही.

दुसरं म्हणजे अटॅक लांब ठेवला की ठोका न दबता निघून जातो अन् दाब मागच्या सुरावर येतो. 30 ते 40 मिलिसेकंद ठेवला तर बोट तारेला लागल्याचं जे टोक आहे ते जसंच्या तसं ऐकू येतं, ढोलकीच्या थापेसोबत बेस नेमका बसल्यासारखा वाटतो. मला हाच आवाज आवडतो. पण तुमच्या लक्षात आलं असेल, इथं एक अडचण आहे, ठोका सोडून दिला तर वर जो 10 चे 40 वॉटवाला हिशोब मांडला तो पूर्ण हाती लागत नाही, कारण ॲम्पला फाडतो तो ठोकाच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत, हे कोणी सांगत नाही. मी छोट्या ॲम्पवर 15 ते 20 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतो, टोक थोडं बोथट होतं पण ॲम्प वाचतो. साऊंडवाला जेव्हा बेस त्याच्या मोठ्या सिस्टीमवर घेणार असतो अन् माझा ॲम्प फक्त मला ऐकायला असतो तेव्हा 40 पर्यंत जातो, तिथं पॉवरची चिंता नाही. तुमच्या ॲम्पवर वेगळा लिमिटर असेल, बऱ्याच बेस ॲम्पवर असतो, तर तो चालू ठेवा, कॉम्प्रेसरमधून सुटलेला ठोका तो शेवटी पकडतो. लिमिटर म्हणजे तरी काय, 10 ला 1 किंवा त्याच्या वरचा कॉम्प्रेसरच, फक्त दारावर उभा राहून पुढे जाऊच देत नाही.

रिलीज गाण्याच्या लयीवर ठेवायचा. 140 च्या लयीत केहरवा चालला असेल तर अर्ध्या मात्रेला साधारण 214 मिलिसेकंद मिळतात. दाब पुढच्या सुराच्या आधी सुटला पाहिजे, नाहीतर एका जोरदार सुरानंतरचे दोन-तीन सूर विनाकारण दबून निघतात अन् आपण म्हणतो आज बोटात जोर नाही. म्हणून 150 ते 200 च्या मधात. फार छोटा केला तर आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो, ढोलकी नसताना तर स्पष्ट ऐकू येतं.

आता शेरावर येतो. समजा शेरात तुम्ही हळू वाजवता अन् समेवर जोरात, दोन्हींत 12 डेसिबलचा फरक आहे. यूट्यूब पाहून थ्रेशोल्ड एकदम खाली केला अन् रेशो 8 ला 1 ठेवला तर शेराचा हळू सूरही थ्रेशोल्डच्या वर, समेचा सूरही वर, मग 12 चा फरक आठनं भागला जाऊन फक्त दीड डेसिबल उरतो. दीड डेसिबल म्हणजे काहीच नाही, पब्लिकला उडी जाणवतच नाही. ढोलकी पडली, पॅड पडला, कोरस पडला अन् बेस होता तिथंच. घरी एकटं वाजवताना हीच सेटिंग किती गोड वाटते, प्रत्येक सूर सारखा, जाड, टिकलेला, म्हणून पोट्टे हिच्या प्रेमात पडतात. पण प्रोग्रॅममध्ये ती आपल्या संगीताचा जीव काढून घेते, हे मी अगदी मनापासून सांगतो.

त्याऐवजी असं करा. आधी शेरासारखा हळू वाजवा अन् थ्रेशोल्ड इतका वर न्या की दाबाचा लाईट अजिबात लागला नाही पाहिजे. आवाज थ्रेशोल्डच्या खाली, कॉम्प्रेसर झोपलेला. मग समेसारखं जोरात वाजवा, तिथं 4 डेसिबलच्या आसपास दाब दिसला पाहिजे. रेशो 3 ला 1. हिशोब करून पाहा, शेराचा आवाज थ्रेशोल्डच्या 6 डेसिबल खाली अन् समेचा 6 डेसिबल वर असेल तर वरचे 6 चे 2 होतात, म्हणजे उडी 12 ची 8 झाली. 8 डेसिबल भरपूर आहे, पोटात लागते. ॲम्पच्या डोक्यावरचा भार 4 डेसिबलनं कमी झाला, सूर जरा सारखे झाले अन् उडी शाबूत राहिली. मला कोणी विचारलं की एकच सेटिंग सांग तर हीच सांगेन.

कोणी म्हणेल मग शेरातल्या त्या सा ला टिकवायला कॉम्प्रेसरची मदत होणारच नाही. होते थोडी. सा जरा जोरानं छेडला तर सुरुवातीचा भाग दबतो अन् सूर खाली उतरत जातो तसा दाब सुटत जातो, म्हणून शेपूट लांब वाटतं. पण खरं सांगू काय, शेरातला सूर टिकवायचा तो डाव्या हाताच्या बोटानं. पडद्याच्या, म्हणजे फ्रेटच्या, अगदी मागे, धातूला लागून बोट ठेवा, दाब सोडू नका अन् जमेल तिथं मोकळी तार घ्या. गायकाचा सा काळी दोन का काळी चार ते पाहून शेरापुरता खालचा सा कुठं सापडतो ते आधीच ठरवून ठेवा. बऱ्याच बेसवर बारीक जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एक जागा असते जिथं सूर मरतो, दांड्याचं लाकूडच तेवढ्यात थरथरून सुराची ताकद ओढून घेतं. तुमच्या बेसवर ती जागा शोधा अन् शेरात तिथं जाऊ नका, तोच सूर जाड तारेवर वर जाऊन घ्या. कॉम्प्रेसर मेलेल्या जागेला थोडा टेकू देतो, पूर्ण जिवंत नाही करू शकत.

गुणगुण हा दुसरा मोठा विषय. कॉम्प्रेसरनंतर लेव्हल 6 डेसिबल वर केली म्हणजे तुम्ही वाजवत नसतानाची गुणगुणही 6 डेसिबल वर आली. मंडपात डिमरवाले लाईट, जनरेटर, जुन्या ट्यूबलाईट, कुठं अर्थिंग नसलेला एक्सटेन्शन बोर्ड, गुणगुणीला कमी नसते, अन् शेरात सगळे शांत असताना फक्त बेसच्या ॲम्पचा तो घूं आवाज, अंगावर काटा येतो. जॅझ बेस नावाच्या मॉडेलसारखे दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या, पिकअपवाले बेस असतील तर शेरात दोन्ही व्हॉल्यूम सारखे पूर्ण उघडे ठेवा, दोन्ही पिकअप एकमेकांची गुणगुण मारतात. एक जरी कमी केला तरी ती परत येते. प्रिसिजन नावाच्या मॉडेलवाल्यांना ही चिंता कमी, त्याचं दोन तुकड्यांचं पिकअप 1957 पासून गुणगुण मारणाऱ्या जोडणीचंच आहे. अन् लेव्हल गरजेपुरतीच वाढवा. पेडल चालू-बंद करून पाहा, दोन्हींत आवाज कानाला सारखाच वाटला पाहिजे. चालू केल्यावर मोठा वाटला तर आपल्याला तो "भारी" वाटतो, कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, मग सेटिंग चांगली का वाईट तेच कळत नाही.

बेसमधून निघालेली केबल आधी ट्यूनरमध्ये, मग कॉम्प्रेसर, मग बाकीचं जे असेल ते, मग ॲम्प. कॉम्प्रेसर ॲम्पच्या ईक्यूच्या, म्हणजे बेस-ट्रेबलच्या नॉबांच्या, आधी राहिला की बरं, नाहीतर तुम्ही बेसचा नॉब वाढवला की खालच्या सुरांवरच तो जास्त दाबत सुटतो अन् बारीक तारेचे सूर वेगळेच मोठे निघतात.

साऊंडवाल्याशी मात्र आधी बोला. तो तुमच्या ॲम्पच्या मागून लाईन घेतो अन् मिक्सरवर परत कॉम्प्रेसर लावतो. यामाहाच्या छोट्या एमजी मिक्सरवर काही चॅनेलला एकच नॉबवाला कॉम्प्रेसर असतो, गायकाला लावायच्या सवयीनं बेसलाही अर्धा फिरवलेला असतो. तुमचा एक अन् त्याचा एक, दोन झाले, मग तुम्ही 3 ला 1 ठेवा नाहीतर नका ठेवू, उडी गेलीच. गोड बोलून सांगा, भाऊ बेसवर मी लावला आहे, तुमच्याकडचा झिरो ठेवा. साऊंडवाला वयानं मोठा असेल तर काका म्हणा, चहा पाजा, पण सांगा नक्की. अन् त्याच्या सिस्टीमवरचे लिमिटरचे लाल लाईट सारखे पेटून राहिले असतील तर तुमच्या पेडलनं काही फरक पडणार नाही, तिथं पूर्ण गाणंच दबून राहिलं असतं.

हे यंत्र आलं कुठून तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून कोणतं पेडल कसं वागेल ते कळतं. रेडिओवाल्यांना ट्रान्समीटर ओव्हरलोड होऊ द्यायचा नव्हता म्हणून 1930 च्या दशकात असे दाबणारे ॲम्प्लिफायर बनायला लागले, स्टुडिओत मग ते गाण्यासाठी वापरायला लागले. एलए-2ए नावाचा 1960 च्या दशकातला एक फार गाजलेला डबा आहे, त्यात आवाजाच्या जोरावर एक पट्टी उजळते अन् समोरचा प्रकाश ओळखणारा भाग त्याप्रमाणे दाबतो. तो सुटतो कसा तर आधी अर्धा पटकन अन् उरलेला सावकाश, म्हणून सूर फार नैसर्गिक उतरतो. ऑप्टिकल म्हणून जी पेडल मिळतात ती याच घराण्यातली, शेर अन् संथ गाण्याला छान. 1967 चा 1176 हा ट्रान्झिस्टरवाला, एकदम चपळ, अटॅक मिलिसेकंदाच्याही आत, आवाजाला थोडा कडकपणा देतो. गंमत म्हणजे त्याचा अटॅकचा नॉब उजवीकडे फिरवला की अटॅक लांब नाही, उलट आणखी फास्ट होतो, त्याच्या नकलेवर बनलेलं पेडल घेतलं तर आधी हे तपासा. अन् 1976 चा डीबीएक्स 160, तो व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजनं आवाज कमीजास्त करणाऱ्या सर्किटच्या, जातीचा, जितका सांगितला तितकाच दाबतो, बेस अन् ड्रमवर खूप वापरला गेला. जाड ठेक्याच्या गाण्यांना व्हीसीए मला आवडतो. जुने व्हॉल्व्हवाले बेस ॲम्प, 1969 ला आलेला अँपेगचा 300 वॉटचा एसव्हीटी वगैरे, त्यांना तर जोरात ढकललं की ते स्वतःच मऊपणे दबतात, वेगळा कॉम्प्रेसर नसला तरी भागतं. आपल्या हाती जे ट्रान्झिस्टरवाले ॲम्प आहेत ते मऊ दबत नाहीत, हद्द आली की सरळ कापतात अन् फाटतात, म्हणून आपल्याला याची गरज जास्त.

एक नॉबवालं स्वस्त पेडल घ्यावं का असं विचारतात. ॲम्पवरच "कॉम्प" नावाचा एक नॉब असतो तोही तसाच. चालतं, पण त्यात एकच नॉब थ्रेशोल्ड, रेशो अन् लेव्हल सगळं सोबत हलवतो, शेर वाचवून फक्त सम दाबायची बारीक जागा त्यात पकडणं अवघड जातं. असेल तर चौथाईच्या वर नेऊ नका अन् बाकीचं बोटानं सांभाळा. घरी सराव मात्र पेडल बंद ठेवून करा. सूर सारखे येणं, हळू अन् जोरात यातला फरक आपल्या ताब्यात असणं, हे बोटात आलं नसेल तर 3 ला 1 ची सेटिंग कामाची नाही, कारण तिला तुमच्याकडून सारखा हळू अन् सारखा जोर लागतो, तेव्हाच थ्रेशोल्ड दोन्हींच्या बरोबर मधात बसतो.

अन् थ्रेशोल्ड घरी लावून आणू नका, जागेवर लावा. प्रोग्रॅमच्या जोशात बोट घरच्यापेक्षा जोरातच पडतं, म्हणून साऊंड चेकला ढोलकीवाल्याला सोबत घ्या, एक शेर म्हणून घ्या, गायक आला नसेल तर स्वतःच गुणगुणा, अन् उठाण घेऊन दोन-चार वेळा समेवर पडा. एक पोरगा मैदानाच्या मागच्या टोकाला उभा करा, त्याला विचारा बेस उठला काय. तो हाव म्हणेपर्यंत थ्रेशोल्ड थोडा थोडा वर नेत जा. रात्री लाईट मंद झाली, म्हणजे व्होल्टेज पडलं, की ॲम्पचा मास्टर जरा कमी करा, पेडलला हात लावू नका.

विकत घ्यायला नागपूरला गेलात तर आपला बेस सोबत न्या, दुकानातल्या बेसवर ऐकून ठरवू नका, पिकअप वेगळे असले की थ्रेशोल्ड वेगळा लागतो. सेकंडहँड मिळाला तरी हरकत नाही. नॉब फिरवताना खरखर येते का पाहा, 9 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर घ्या, सगळ्या पेडलला एकच स्वस्त अडॅप्टर जोडला की गुणगुण वाढते. बॉसच्या एलएमबी-3 वर थ्रेशोल्ड अन् रेशो वेगळे मिळतात ते चांगलं आहे, पण किती डेसिबल दाब पडला ते त्यावर दिसत नाही, कानावर जावं लागतं. एमएक्सआरच्या एम87 वर दाब दाखवणारी लाईटची रांगच आहे, अटॅक, रिलीज, रेशो सगळे वेगळे. शिकणाऱ्यानं पैसे थोडे जास्त लागले तरी दाब दाखवणारे लाईट असलेलंच घ्यावं असं मी म्हणेन, कारण मंडपात सगळे एकदम वाजून राहिले असताना 4 डेसिबल दबले का 10 हे नुसत्या कानानं ओळखायला बराच काळ लागतो अन् लाईट ते पहिल्याच दिवशी दाखवतात.